कोकणातल्या सड्यांवर सोलर: आधी नकाशा की आधी परवानगी?

सडेकर (धागाकर्ता)
युरोपियन युनियनने २०२३ मध्ये अपारंपरिक ऊर्जेच्या निर्देशात एक सोय केली. प्रत्येक देशाने आपला प्रदेश आधी तपासायचा, सौर-पवन प्रकल्पांनी निसर्गाचं नुकसान कमी होईल असे पट्टे आखायचे आणि पर्यावरणाचा अभ्यास त्या अख्ख्या आराखड्याचाच करायचा. मग पट्ट्यात येणाऱ्या प्रकल्पाला सहसा वेगळा अहवाल लागत नाही. ४५ दिवसांत प्रकल्पाची प्राथमिक चाळणी, जमिनीवर वर्षभरात परवानगी, समुद्रात दोन वर्षांत. छपरं, पार्किंग, जुन्या खाणी यांना पहिली पसंती. संरक्षित क्षेत्रं आणि पक्ष्यांचे मुख्य मार्ग वगळायचे. अमेरिकेनेही २०१२ मध्ये सहा राज्यांतल्या सरकारी जमिनींवर अशीच १७ सौर क्षेत्रं आखली होती.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात हे आत्ताच करावं असं माझं मत आहे. आमच्या बाजूला सड्यावरच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरच्या, ज्या कातळाकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं, त्याचा एकरी भाव विचारायला एजंट येऊ लागलेत. मोर्चे निघायच्या आधी कुठे चालेल आणि कुठे नाही हे ठरलं, तर कंपनीचा वेळ वाचेल आणि गावाचाही. नाणार आणि बारसूला रिफायनरीचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. तिथे जागा आधी ठरली, लोकांना नंतर कळलं.

कलमबहाद्दर
घोडं इथेच पेंड खातंय. युरोपात अभ्यास सक्तीचा आहे, म्हणून तो आटोपशीर करायचा प्रश्न येतो. आपल्याकडे आटोपशीर करायला आहे काय? पर्यावरण मंजुरी कोणाला लागते हे ठरवणाऱ्या केंद्राच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेच्या यादीत सौर आणि पवन नाहीतच. म्हणजे पर्यावरण मंजुरी नाही, अहवाल नाही, जनसुनावणी नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ मध्ये दोघांना सगळ्यात कमी प्रदूषणाच्या 'व्हाइट' गटात टाकलं, त्यामुळे मंडळाची संमतीही लागत नाही. वनजमीन असेल किंवा सीआरझेड (किनारपट्टीच्या बांधकामाचे नियम) आडवं आलं तरच कोणी विचारतं. पाणी वर चढवून वीज साठवणाऱ्या पंप्ड स्टोरेजला मात्र मंजुरी लागते, कारण ते जलविद्युतमध्ये मोडतं.

तेव्हा तुम्ही मागताय तो नकाशा इथे काही कमी करणार नाही, नवा नियम आणेल. तो आणावा या मताचा मीही आहे, पण 'परवानगी लवकर मिळेल' असं गाजर दाखवून आणू नका.

वायरमन
मी या धंद्यात आहे, त्यामुळे शिव्या गृहीत धरून लिहितो. लहान प्रकल्प पर्यावरणापायी अडत नाही. अडतो सातबाऱ्यापायी. एका गटावर तीस-चाळीस नावं, निम्मी मुंबईला, दोघं वारलेले, वारसनोंद नाही. त्यातून सुटलो तर सबस्टेशनला आमची वीज घ्यायला जागा नाही. यात आता नकाशाचं टेबल वाढवा आणि बघा मजा.

नकाशा करायला आपल्याकडे किती वेळ लागतो? पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा पहिला मसुदा मार्च २०१४ चा, सहावा जुलै २०२४ चा. तोवर कोळसा जाळत बसायचं का? मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खाजगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाचं भाडं आहे. नुसत्या कातळाला एवढे पैसे कोण देतो?

सडेकर
'नुसता कातळ' यावरच माझा आक्षेप आहे. सातबाऱ्यावर सडा पोटखराबा म्हणून लागतो, म्हणजे सरकारी कागदावर तिथे पिकत काहीच नाही. त्याच सड्यावर पहिला पाऊस होऊन गेल्यावर जा. जांभ्याच्या खळग्यात दोन बोटं माती असते, तिच्यात दीपकाडीची पांढरी फुलं उभी असतात. ही वनस्पती कोकण-गोव्याच्या पट्ट्याबाहेर सहसा मिळत नाही. श्रावणात गेंद आणि सीतेची आसवं या रानफुलांनी सडा भरतो. दिवाळीनंतर सगळं वाळून काळा दगड उरतो, आणि कंपनीचा सर्व्हेवाला येतो नेमका जानेवारीत. त्याच्या फोटोत काही दिसत नाही, तो 'ओसाड' लिहून मोकळा.

शिवाय कातळशिल्पं. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, पण यादीत मोजक्याच जागा आहेत. बाकीची मातीखाली नाहीतर गुरांच्या वाटेवर. सड्यात मुरलेलं पाणी खालच्या वाडीत झऱ्याला येतं, तेही कुठल्या कागदावर नाही.

वायरमन
सोलरला सडा खणावा लागत नाही. खांबापुरतं भोक पाडतो.

सडेकर
आणि खांब सरळ रेषेत यावेत म्हणून जेसीबीने सपाट करता, ते?

रापणकरी
मी मालवणचा. जमिनीवर निदान सातबारा तरी आहे, आमच्या समुद्रात तोही नाही. समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी केंद्राने आधी गुजरात आणि तमिळनाडूचे किनारे निवडले. जून २०२४ मध्ये ७,४५३ कोटींची योजना मंजूर झाली तीही त्यांच्याचसाठी, दोघांना ५००-५०० मेगावॅट. कोकणाला वारा तुलनेने कमी, म्हणून आपण मागे आहोत. पण मागे आहोत म्हणूनच हाताशी वेळ आहे.

तरी नकाशा म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. सीआरझेडचे नकाशे झाले तेव्हा मासळी सुकवायची खळी आणि होड्या ओढायची जागा किती गावांत दाखवली? रापण (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं) कुठे लागते, डोलीच्या जाळ्याचे खुंट कुठे, कोणत्या महिन्यात बांगडा कुठून येतो, हे कोणाच्या संगणकात नाही. नकाशावर निळा रंग दिसला की अधिकाऱ्याला वाटतं जागा मोकळी. पुदुच्चेरी आणि लक्षद्वीपला नॉर्वेच्या मदतीने सागरी आराखड्याचे पथदर्शी प्रकल्प झाले. तसं इथे करायचं तर पहिली बैठक जेटीवर घ्या, हॉटेलात नको. नाहीतर आमकां इचारता कोण?

घाटमाथा
पवनचक्क्यांचं म्हणाल तर लांब जायला नको. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी सुमारे चौपटीने कमी, आणि खायला कोणी नाही म्हणून सरडे वाढलेले. एकेका चक्कीचा अहवाल काढून हे कधीच सापडलं नसतं, अख्खं पठार बघावं लागलं. सडेकरांच्या बाजूने मला सगळ्यात वजनदार वाटतो तो हा मुद्दा.

कलमबहाद्दर
मान्य. पण अख्खं पठार बघणाऱ्या अभ्यासाची, म्हणजे आराखड्याच्या पर्यावरणीय मूल्यमापनाची, आपल्या कायद्यात सक्तीच नाही. आणि नकाशाच्या नावाखाली कोरा चेक मिळू नये. युरोपातही हीच भीती आहे: पट्टा दहा वर्षांपूर्वीच्या माहितीवर आखलेला असेल आणि मधल्या काळात एखाद्या जातीने घरटी हलवली असतील, तर प्रकल्पाच्या वेळी ते पकडणार कोण? म्हणून ती ४५ दिवसांची चाळणी नावापुरती असून चालत नाही.

गाडगीळ समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटाचे संवेदनशीलतेप्रमाणे तीन स्तर सुचवले तेव्हा हद्दी ग्रामसभांशी बोलून पक्क्या करा असंही म्हटलं होतं. आपण हद्दींवरून भांडलो आणि ग्रामसभेचं वाक्य गाळलं. कच्चा माल गावात आहे. जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही हवी.

सडेकर
आहे ना. हरित लवादाने राज्यांना ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली, नाहीतर महिन्याला दहा लाख दंड. मग नोंदवह्या धडाधड 'पूर्ण' झाल्या. आमच्या गावची एका एजन्सीने भरली. त्यात आंबा, काजू, वड, पिंपळ आहेत, सडा नाही. ती नव्याने लिहायची तर एक पूर्ण पावसाळा लागेल. एकच, दहा वर्षं नाहीत.

वायरमन
एक पावसाळा म्हणत असाल तर मी थांबेन, सबस्टेशनच्या रांगेत तेवढा वेळ असाही जातो. पण मग नकाशावर 'इथे बसवा' असंही काहीतरी दाखवा, नुसत्या फुल्या नकोत. सोडून दिलेल्या चिरेखाणी (जांभा दगड काढलेल्या खाणी) घ्या. तिथलं वाटोळं आधीच झालंय.

रापणकरी
चिरेखाणीत जून ते दिवाळी पाणी असतं, मालक. पॅनल काय होडीवर बसवणार?

वायरमन
पाणी भरतं ते खोल खड्ड्यात. कडेला उतार सोडलेल्या खाणी कोरड्या असतात. नाहीतर चर काढून पाणी बाहेर घेता येतं.

सडेकर
बाहेर कुठे? आमच्याकडे अशाच एका खाणीचं पाणी पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, सोडलं आणि खालच्या वाडीच्या विहिरी गढूळ झाल्या. कोरड्या खाणींचे गट नंबर मी काढतो, पण चर मारायचा असेल त्या खाणी यादीत धरू नका.

वायरमन
ठीक. पाठवा यादी. रस्ता आणि अकरा केव्हीची लाइन किती लांब आहे तेही लिहा, त्याशिवाय उपयोग नाही.