पोल्लो आल्ला काच्चातोरा आदल्या दिवशी करून ठेवल्यास गरम कसे करावे आणि कशाबरोबर वाढावे?

प्रश्न:
शनिवारी रात्री आमच्याकडे आठ माणसे जेवायला येणार आहेत. कांदा, गाजर, सेलरी, टोमॅटो, रोझमेरी आणि रेड वाइन घालून मंद आचेवर शिजवलेले पोल्लो आल्ला काच्चातोरा, म्हणजे इटालियन पद्धतीचे काच्चातोरा चिकन, शुक्रवारीच करून ठेवावे, असा विचार आहे. फ्रिजमधले चिकन मायक्रोवेव्हमध्ये गरम केले की ते कोरडे पडते आणि त्याला एक शिळकट वास येतो. तो टाळण्यासाठी काय करावे? शिवाय हा पदार्थ पास्त्यावर वाढायचा असतो का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १:
आदल्या दिवशी करण्याचा आपला निर्णय अगदी योग्य आहे, कारण रात्रभर मुरल्यावर वाइन आणि टोमॅटोचा उग्रपणा उतरतो आणि रस्सा एकजीव होतो. मात्र हाडासकट मांडीचे आणि तंगडीचेच तुकडे घ्यावेत. छातीचे मांस दुसऱ्यांदा तापवल्यावर हमखास चोथट लागते.

आपण म्हणता तो वास शिजलेल्या मांसातील चरबीचा हवेशी संयोग झाल्यामुळे येतो. त्यामुळे साठवताना प्रत्येक तुकडा रश्शात पूर्ण बुडालेला असावा. रोझमेरीमुळेही ही प्रक्रिया मंदावते, तेव्हा ती घालताना हात आखडू नये. शिजल्यावर सगळे पसरट स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात काढावे. टोमॅटोच्या आंबटपणामुळे ॲल्युमिनियमचे किंवा कल्हई नसलेले पितळेचे भांडे येथे चालणार नाही. दोन तासांच्या आत, आणि आपल्याकडच्या कडक उन्हाळ्यात तर तासाभरातच, भांडे फ्रिजमध्ये जायला हवे.

दुसऱ्या दिवशी हाडांतल्या जिलेटिनमुळे रस्सा थिजून थरथरीत झालेला दिसेल आणि वर चरबीचा नारिंगी थर धरलेला असेल. त्यातला निम्मा थर काढून टाकावा, निम्मा चवीसाठी राहू द्यावा. जाड बुडाच्या पातेल्यात अर्धी वाटी पाणी किंवा चिकनचे सूप घालून, झाकण ठेवून, मंद आचेवर रस्सा सैल होऊ द्यावा आणि त्यानंतरच आच थोडी वाढवावी. डाव जोरात फिरवल्यास मांस हाडावरून सुटते, म्हणून पातेलेच हलकेसे हलवावे. तुकड्याच्या मधोमध ७४ अंश सेल्सिअस तापमान आले की पुरे.

उत्तर २:
मी बरीच वर्षे इटलीतल्या तोस्काना (टस्कनी) प्रांतात राहते, म्हणून वाढण्याविषयी लिहिते. इटालियन जेवणात पास्ता आधी येतो आणि मांसाचा पदार्थ त्यानंतर स्वतंत्र ताटलीत येतो, त्यामुळे काच्चातोरा पास्त्यावर ओतून देण्याची तिथे रीत नाही. तोस्कानात सोबतीला बिनमिठाचा पाव असतो आणि ताटलीत उरलेला रस्सा त्याच पावाने निपटून घेतात. रस्सा खारट-आंबट असल्यामुळे अळणी पाव त्याला फार छान जुळतो. उत्तरेकडे, लोम्बार्दी आणि वेनेतोमध्ये, मऊ पोलेंटा, म्हणजे मक्याचा रवा पाण्यात शिजवून केलेला पदार्थ, असतो. रोमच्या बाजूला टोमॅटो न घालता व्हाइट वाइन, व्हिनेगर, लसूण आणि खारवलेले अँचोव्ही मासे घालून हे चिकन करतात. तेही उत्तम लागते, पण आठ जणांना पुरेल इतका रस्सा त्यात सुटत नाही.

ऑलिव्ह घालणार असाल तर ते शुक्रवारी न घालता गरम करताना शेवटच्या दहा मिनिटांत घालावेत, नाहीतर रात्रभरात त्यांचा खारटपणा सगळ्या रश्शात उतरतो.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. पोलेंटा करावा असे वाटते. भाकरीसाठी आणतो ते मक्याचे पीठ त्यासाठी चालेल का?

उत्तर १:
ते फार बारीक दळलेले असते आणि त्याची चिकट पेज होते. मक्याचा जाडसर रवा आणावा. एका वाटीला साडेचार वाट्या खारे उकळते पाणी घेऊन त्यात रवा हळूहळू सोडावा आणि चाळीसएक मिनिटे ढवळत शिजवावा. पोलेंटा थांबला की घट्ट होतो, म्हणून तो ऐन वेळी करावा आणि चिकन तोवर झाकून मंद आचेवर ठेवावे.

उत्तर ३:
एक गोष्ट राहिली. सगळे पातेले एकदम तापवू नये, लागेल तेवढेच बाहेर काढावे, कारण एकदा गरम केलेले चिकन पुन्हा थंड करून परत तापवणे चवीलाही वाईट आणि पोटालाही. न तापवलेला भाग फ्रिजमध्ये तीन ते चार दिवस टिकतो. त्यातले मांस हाडावरून सोडवून रश्शातच कुस्करावे आणि रविवारी रुंद पट्ट्यांच्या पास्त्याला लावावे. इटलीतही उरलेल्या रश्शाचे असेच करतात. पोलेंटा उरला असेल तर थंड झाल्यावर त्याच्या वड्या कापून तव्यावर ऑलिव्ह तेलात खरपूस भाजाव्यात.