आबांचा डबा

"दुसऱ्याचं मूल काही वर्षांसाठी आणायचं आणि मग परत पाठवायचं, जीव कसा धजतो?" असं विचारलंत. आमच्या आबांचा धजला. गेल्या माघात ते गेले.

श्रीवर्धनला आमची सुपारीची वाडी. बालकल्याण समितीच्या आदेशाने सात वर्षांची पोर घरी आली, तेव्हा मी दहावीत. दत्तक नव्हे, २०१५च्या बाल न्याय कायद्यातही प्रतिपालन, म्हणजे मूल काही काळापुरतं सांभाळणं, वेगळं आणि दत्तक वेगळं. तिची आई होती, आजारी. म्हणून "मला बाबा म्हण" असं आबांनी कधी सांगितलं नाही. ती त्यांना 'वाडीवाले' म्हणायची!

सुरुवातीला ताटावर जेवायची नाही, घावनाचे तुकडे फ्रॉकच्या खिशात लपवायची. आबा ओरडले नाहीत. फडताळात तिच्या नावाचा डबा ठेवला आणि तो कधी रिकामा होऊ दिला नाही. (मी हात लावला की धपाटा.)

३ जून २०२०ला निसर्ग वादळात वाडी आडवी झाली. ती तेव्हा आईकडे परत गेलेली. रेंज आल्यावर पहिला फोन तिचाच, "वाडीवाले बरे आहेत ना?"

आबांच्या बाराव्याला आली, सरळ फडताळाशी गेली. डब्यात खोबऱ्याच्या वड्या होत्या, नरम पडलेल्या. दोघांनी बसून संपवल्या.