अमेरिकेत मृत्यू घटले, म्हणून आपल्या बायका निष्काळजी?

परळकर: काल इथे एकाने टाकलंय की अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरचा मृत्यूदर १९८९ पासून ४० टक्क्यांच्या वर उतरला आणि आपल्याकडे नाही, कारण आपल्या बायका निष्काळजी. डोकंच फिरलं. अहो तिथे रोग कमी नाही झालेला, रुग्ण आजही आपल्यापेक्षा जास्त सापडतात, पण लवकर सापडतात आणि टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या, केमो, १९९८ नंतर हर्सेप्टिनची इंजेक्शनं, सगळं वेळेवर मिळतं. आपल्याकडे २०२२ च्या ग्लोबोकॅन या जागतिक कॅन्सर आकडेवारीच्या अंदाजात साधारण १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू. एवढ्या सगळ्या निष्काळजी?

आकडेमोड: पोस्ट माझीच. मुद्दा मॅमोग्राफीचा, म्हणजे स्तनाच्या एक्स-रे तपासणीचा होता. ब्रिटनने १९८८ ला सुरू केली, तिथेही दर उतरलाच ना. मशीन म्हटलं की तुमचं गरिबीचं रडगाणं सुरू.

परळकर: मशीनशिवायही होतं! इथे मुंबईतच परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलने १९९८ पासून दीड लाख बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला, निम्म्या बायकांना शिकवलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासायच्या. पन्नाशीपुढे मृत्यू जवळपास ३० टक्के कमी.

आकडेमोड: आणि पन्नाशीच्या आत? तिथे फरक पडला नाही, ते बरं गाळलंत.

डोंबिवलीकरीण: तुमचे टक्के ठेवा बाजूला. माझ्या आईला आंघोळ करताना गाठ लागली, भावाची दहावी होती म्हणून आठ महिने गप्प बसली, ब्लाउजच्या आत रुमालाची घडी ठेवायची, मला वाटायचं घामासाठी. मग स्टेशनजवळच्या डॉक्टरकडे गेली तर त्याने हात न लावता मलम दिलं, उष्णतेची गाठ आहे म्हणाला. परळला पोचलो तेव्हा काखेत पसरलेलं.

चाळकरी: वाईट वाटलं ताई. पण वडील काय करत होते?

डोंबिवलीकरीण: तुम्ही कधी विचारलंय बायकोला? आमच्या घरात तो शब्दच उच्चारायचा नाही.

चाळकरी: सगळ्या पुरुषांना एका माळेत ओवू नका. मी बायकोच्या प्रत्येक केमोला सुट्टी टाकून गेलोय, पगार कापून.

परळकर: अहो पण विषय मृत्यूदराचा...

डोंबिवलीकरीण: हाच विषय आहे! ते आठ महिने कुठल्या तक्त्यात येतात?

आकडेमोड: बरं. निष्काळजी हा शब्द मागे घेतो. मॅमोग्राफीचं म्हणणं तसंच आहे.

डोंबिवलीकरीण: घ्या मागे. तो मलमवाला मात्र अजून तिथेच बसतो, संध्याकाळी बाहेर रांग असते बायकांची.