लहान मुलं आणि पालक, दोघांना एकत्र घेऊन ट्रॉमा थेरपी : प्रशिक्षणासाठी मदत हवी आहे
नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात समुपदेशक आहे. ‘चाइल्ड-पॅरेंट सायकोथेरपी’चं रीतसर प्रशिक्षण इथं कुणी घेतलंय का? ट्रॉमा, म्हणजे मोठा मानसिक धक्का बसलेल्या साधारण पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीची पद्धत. मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस एकाच सेशनमध्ये बसतात. अपघात पाहिलेलं पोर खेळण्यातली गाडी पुन्हा पुन्हा आपटतं आणि शेजारी बसलेली आई मान फिरवते, तेव्हा दोघांनाही कसं सावरायचं, तेच शिकायचंय. मूळ प्रशिक्षण १८ महिन्यांचं, चालू केसवर नियमित चर्चा करत होणारं. दोन दिवसांच्या सर्टिफिकेटवाल्या वर्कशॉपची नावं कृपया नकोत, ती ढिगानं मिळतात. मराठीतून केसवर बोलता येईल असे सुपरव्हायजर पुण्या-मुंबईकडे, ऑनलाइन का असेना, माहीत आहेत का? आमच्याकडं मुलाला बऱ्याचदा आजीच घेऊन येते. आजीसोबत असं काम केलेलं कुणी असेल तर जरूर लिहा. फी किती पडली तेही सांगा.