त्यागानं माणसं खरंच जवळ येतात का? ज्यू परंपरेतला 'कोरबान' आणि तडजोडीचे नियम

कृष्णाकाठ (सांगली)
नमस्कार मंडळी. लग्न ठरलेल्या मुलामुलींसाठी आम्ही सांगलीत दोन दिवसांचं शिबिर घेतो. 'त्याग आणि तडजोड' या सत्रात मुलींचा प्रश्न ठरलेला असतो: शेवटी सुनेनंच नमतं घ्यायचं ना? ज्यू परंपरेत अर्पण आणि जवळीक एकाच शब्दातून आलेत, असं वाचनात आलं. हे शब्दापुरतंच आहे की त्यामागे नियमही आहेत? कुणी सोडायचं, कधी, किती? जाणकारांनी नेमकं सांगावं.

संगममाहुली
शब्दापुरतं नाही. 'कोरबान' म्हणजे अर्पण, आणि त्याचा धातू क-र-व, म्हणजे जवळ येणं. 'कारोव' म्हणजे जवळचा, आणि नातेवाईकसुद्धा. अरबीतही हाच धातू आहे, त्यामुळे आपल्या कानावरचे 'कुर्बानी' आणि 'करीब' एकाच घरातले. 'बळी' म्हटलं की सुरी आठवते. कोरबानमध्ये अंतर मिटणं आधी येतं.

पण खरं सार प्रकारांत आहे. (इ.स. 70 मध्ये जेरुसलेमचं मंदिर पडल्यापासून ही अर्पणं होत नाहीत; पुढचे नियम तेव्हाचे.) 'ओला' या अर्पणात सगळं मांस वेदीवर जळतं, कुणाच्या ताटात काही येत नाही. 'शेलामीम' वेगळं, ते 'शालोम'च्या, म्हणजे शांतीच्या, कुळातलं. त्यात चरबी आणि मूत्रपिंडं वेदीवर, छाती आणि उजवी मांडी याजकाला, आणि उरलेलं अर्पण करणाऱ्याच्या घरी. देणाराही जेवतो. तुमच्या मुली घाबरतात ते ओलाला. संसार शेलामीमवर चालायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

आभाराचं अर्पण, 'तोदा', तर बघाच. पशूबरोबर 40 भाकरी: चार प्रकार, प्रत्येकी 10; त्यातल्या 30 बिनखमिराच्या, 10 खमिराच्या. प्रत्येक प्रकारातली एक अशा चार याजकाला. उरल्या 36, शिवाय मांस, आणि सगळं त्याच रात्रीत संपवायचं. एका घराला ते झेपणारच नाही, म्हणून माणसं बोलवावीच लागतात, असं भाष्यकारांनी म्हटलं आहे.

आता बिघडतं कुठे. नवसाचं किंवा खुशीचं शेलामीम त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी खाता येतं. तिसऱ्या दिवशी उरलं तर जाळायचं. त्या शिळ्याला 'नोतार' म्हणतात, ते खाणं निषिद्ध. घरात "तुझ्यासाठी मी पुण्याची नोकरी सोडली होती" हे वाक्य दहा वर्षांनी पुन्हा ताटात येतं, ते मला नोतारच वाटतं. आणि चोरलेला पशू अर्पण म्हणून चालत नाही. बायकोची रजा तिला न विचारता पाहुण्यांसाठी देऊन टाकली, तर तो नवऱ्याचा त्याग कसा?

घाटरस्ता (सातारा)
अर्पणाची बाजू माहुलीकरांनी छान मांडली. "कुणी सोडायचं" याचं उत्तर मात्र तालमूदच्या, म्हणजे ज्यूंच्या कायदेचर्चेच्या जुन्या ग्रंथाच्या, सनहेद्रिन भागात आहे. बेथ होरोनच्या चढावर दोन उंट समोरासमोर आले. एकदम पुढे घुसले तर दोघेही पडतील, एकामागून एक गेले तर दोघेही चढतील. मग थांबायचं कुणी?

ओझं असलेला आणि रिकामा असेल तर रिकाम्यानं थांबायचं. एक गावाजवळ पोचलेला आणि दुसरा लांब असेल तर जवळच्यानं. दोघे अगदी सारखे असतील तर तडजोड करायची, आणि जो पुढे जाईल त्यानं थांबणाऱ्याला मोबदला द्यायचा.

आपल्याकडे वेगळं काय? यवतेश्वरच्या घाटात चढणाऱ्या गाडीला वाट देतात. पाणंदीत उसानं भरलेली ट्रॉली आली की रिकामा ट्रॅक्टर बाजूला होतो. तिथे सून-मुलगा, मोठा-धाकटा कुणी विचारत नाही. ओझं कुणावर आहे ते बघतात.

शिबिरात हेच करून घ्या. तिची नोकरी साताऱ्यात, त्याची सांगलीत. दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहायचं: सध्या माझ्यावर ओझं काय (आजारी आईवडील, कर्ज, परीक्षा), आणि मी मुक्कामाच्या किती जवळ आहे. मग कागद अदलाबदल करायचे. ज्याचं ओझं हलकं, त्यानं थांबायचं.

कृष्णाकाठ (सांगली)
दादा, फार उपयोगी. पण मोबदला म्हटला की नवराबायकोत हिशेब आला. त्यानं जवळीक कशी वाढेल?

घाटरस्ता (सातारा)
ताई, हिशेब नसतो तेव्हाच माणूस मनातल्या मनात वही ठेवतो. मोबदल्यानं "तू थांबलास ते मला दिसलं" एवढं कबूल होतं, आणि लगेच. तो पैशातच हवा असं नाही: ती सांगलीला आली तर महिन्यातले दोन रविवार साताऱ्याचे, आणि पुढच्या बदलीचा पहिला शब्द तिचा.

आणखी दोन गोष्टी. तडजोडीला 'पेशारा' म्हणतात. न्यायाधीशानं ती सुचवायची असेल तर निकालाचं पारडं कुठे झुकतंय हे कळण्याआधी, कळल्यावर नाही. म्हणजे कोण बरोबर हे ठरल्यावर "जाऊ दे, मिटवून टाक" म्हणणं उशिराचं. दुसरं, पेशारा नुसत्या तोंडी होकारानं पक्की होत नाही. 'किन्यान' लागतो, म्हणजे रुमाल हातात घेण्यासारखी ठरलेली कृती. "बघू, करू" ही तडजोड नव्हे.

हळदपेठ
'शलोम बायित', घरातली शांती, हे सांगितल्याशिवाय विषय पुरा होत नाही. शब्बाथचा (साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाचा) दिवा आणि हनुक्का या सणाचा दिवा यांपैकी एकाच्याच तेलाला पैसे असतील, तर घरात उजेड देणारा शब्बाथचा आधी. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या 18व्या अध्यायात सारा म्हणते, माझा नवरा म्हातारा झालाय. देव ते तिच्या नवऱ्याला, अब्राहामला, सांगताना "मी म्हातारी झाले" एवढंच सांगतो. नवराबायकोत कडवटपणा नको म्हणून तेवढा फेरफार चालतो, असं तालमूद म्हणतं.

पण मुलींना एक गोष्ट स्पष्ट सांगा. मार खाऊन गप्प बसणं यात येत नाही. पत्नीवर स्वतःच्या देहाइतकं प्रेम आणि स्वतःपेक्षा जास्त तिचा मान, हे तालमूदचं माप. 16व्या शतकातले पोलंडमधल्या क्राकोचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) मोशे इस्सर्लिस यांनी मारहाणीला पाप म्हटलं, आणि ताकीद देऊनही नवरा ऐकत नसेल तर त्याला घटस्फोट द्यायला भाग पाडावं, हे मत नोंदवलं. तो चढ वेगळा, ताई. तिथे थांबायला सांगू नका, उतरून जायची वाट दाखवा.

कृष्णाकाठ (सांगली)
मनापासून आभार. येत्या शिबिरात कागदांची अदलाबदल आणि नोतार दोन्ही घेते. हळदपेठ, तुमचा मुद्दा सत्राच्या सुरुवातीलाच सांगेन.