लँडफिलमधील कचरा खरोखरच कुजतो का?

प्रश्न
ओला कचरा मातीत मिसळला की काही महिन्यांत त्याचे खत होते. असे असताना, पुरातत्त्वज्ञ विल्यम राथजे यांच्या चमूने अमेरिकेतील लँडफिल (कचरा पुरण्याच्या जागा) खोदली तेव्हा काही दशकांपूर्वीची वर्तमानपत्रे वाचता येतील अशा अवस्थेत कशी निघाली? तिथे सूक्ष्मजीव काम करत नसतील, तर मिथेन कुठून येतो?

प्रतिसाद १
काम करतात, पण हवेविना. कचरा दाबून त्यावर मातीचा थर पडला की आत अडकलेला प्राणवायू लवकरच संपतो आणि क्लॉस्ट्रिडियमसारख्या विनॉक्सी (प्राणवायूविना जगणाऱ्या) जिवाणूंचे राज्य सुरू होते. त्यांची विकरे (एन्झाइम) सेल्युलोज (वनस्पतींच्या तंतूंचा मुख्य घटक), पिष्ट आणि प्रथिने यांचे तुकडे करतात व ते तुकडे आंबून आम्ले, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. या टप्प्यात तळाशी झिरपणाऱ्या काळपट पाण्याला खवट लोण्यासारखा जो दर्प येतो, तो ब्युटिरिक आम्लाचा.

या पदार्थांपासून पुढे मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव मात्र जिवाणू नव्हेतच. ते आर्किया, म्हणजे जिवाणूंसारखे दिसणारे पण वेगळ्याच गटातले एकपेशीय जीव, ज्यांचे वेगळेपण सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कार्ल वूस यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले. सामू (pH) ७ च्या, म्हणजे उदासीन पातळीच्या, आसपास असेपर्यंतच ते नीट चालतात. गंमत अशी, की ते हायड्रोजन सतत संपवत राहिले तरच ब्युटिरिक आम्लाचे ॲसिटिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंना पुढे सरकता येते. हायड्रोजन साचला की हे जिवाणूही थांबतात, आम्ल वाढते आणि सगळेच अडते.

प्रतिसाद २
वर्तमानपत्राचे उत्तर राहिले. तो कागद लाकूड यंत्राने दळून केलेला असल्याने त्यात लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) शिल्लक असते व सेल्युलोजभोवती त्याचे जणू चिलखत असते. लिग्निन फोडण्यात पटाईत असलेल्या बुरशींना प्राणवायू लागतो, जो तिथे नाही. कार्यालयीन पांढऱ्या कागदातील लिग्निन रसायनांनी काढलेले असते, म्हणून तो त्याच ढिगात बराच अधिक कुजतो. त्यात कोरडेपणाची भर: पाणी नसेल, तर विकरे कागदापर्यंत पोहोचणार कशी?

प्रश्नकर्ता
म्हणजे वरून पाणी सोडले, तर काम भागेल?

प्रतिसाद १
काही ठिकाणी झिरपलेले पाणीच पुन्हा वर सोडतात आणि कुजणे वेगाने होते. मात्र त्याआधी वायू गोळा करणाऱ्या नळ्या तयार हव्यात, कारण निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन असतो. लिग्निनवर या उपायाचा फारसा परिणाम होत नाही.