मदत हवी आहे: चार विंडो एकत्र हलत नाहीत, रंगही जुळत नाहीत (सोमवारच्या आत)

पूर_अभ्यास:
पंचगंगेच्या पुराच्या मॉडेलचे चार रन झालेत. 2005, 2019, 2021 आणि चौथा राधानगरी धरणातून जास्त विसर्ग धरून. स्क्रीनचे चार भाग करून चारही शेजारी ठेवलेत. एकात झूम केलं की बाकीचे तीन जागेवरच. रंगांचा मेळ नाही, एकात कोल्हापुरातला व्हीनस कॉर्नर चौक लाल, दुसऱ्यात जवळपास तेवढंच पाणी असून निळा. प्ले दाबलं की दोन हलतात, दोन थांबून राहतात. सोमवारी गाईडना दाखवायचंय. कुणाला येत असेल तर लगेच सांगा. गूगल करून झालंय, ते सुचवू नका.

शाहूपुरीकर:
सॉफ्टवेअर कुठलं ते लिहा की आधी.

कळंबा_नकाशा:
कुठलं का असेना, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर वापरा. व्ह्यू मेनूत 'न्यू मॅप व्ह्यू' आहे, हव्या तेवढ्या खिडक्या उघडा. प्रत्येकीच्या सेटिंगमध्ये केंद्र आणि स्केल मुख्य नकाशाशी जोडायची सोय आहे. मी गावतळ्यांचे नकाशे असेच बघतो. पुराच्या नकाशाला याहून जड काही लागत नाही.

पायथन_प:
पायथनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये सबप्लॉट्स दोन बाय दोन करा, शेअरएक्स आणि शेअरवाय ट्रू ठेवा, एकात झूम केलं की चारही होतात. व्हीमिन-व्हीमॅक्स, म्हणजे रंगांची किमान-कमाल मर्यादा, चौघांना एकच द्या, रंगाचा प्रश्नच मिटला. माऊसने करत बसलात तर दर वेळी नव्याने करावं लागेल.

पूर_अभ्यास:
सॉफ्टवेअर पॅराव्ह्यू. दुसरं काही नको, जमिनीचा उंचसखलपणा थ्रीडीत दाखवायचाय आणि गाईडना तेच हवंय.

मेश_मेकॅनिक:
ताई, तुमचे तीन वेगळे प्रश्न आहेत. कॅमेरा, रंग आणि वेळ या तिन्ही गोष्टी पॅराव्ह्यू वेगवेगळ्या जोडतं. एक जोडली म्हणून दुसरी जुळत नाही. त्यासाठी माहिती हवी: आवृत्ती कोणती? फाइली कोणत्या प्रकारच्या? रंगपट्टीवर लिहिलेलं नाव चारही भागांत एकच आहे का? आणि प्ले चालू ठेवलं तर पहिले दोन संपल्यावर उरलेले दोन हलायला लागतात का?

भुदरगडी:
दुसरा मॉनिटर घ्या ताई. लॅपटॉपच्या स्क्रीनवर चार भाग केले की काय दिसणार? 24 इंची जोडला की दोन इकडं, दोन तिकडं. राजारामपुरीत मिळून जाईल. मी टॅलीसाठी तसंच केलंय, लई सोय झाली.

पूर_अभ्यास:
मॉनिटरचा प्रश्न नाहीये.
आवृत्ती 5.10, लॅबच्या मशीनवर. फाइली व्हीटीयू आणि वर त्यांची वेळेनुसार यादी असलेली पीव्हीडी. पट्टीवर दोन ठिकाणी 'डेप्थ', दोन ठिकाणी 'वॉटर_डेप्थ'. हो, 2019 आणि 2021 आधी हलतात, ते संपले की बाकीचे दोन. हे नंतर हलणारे दोन सीनियरने चालवले होते.

मेश_मेकॅनिक:
मग सगळं उलगडलं.

कॅमेरा: एका भागात राइट क्लिक, 'लिंक कॅमेरा', मग दुसऱ्या भागात क्लिक. पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा असं जोडत जा. टूल्समधल्या 'मॅनेज लिंक्स'मध्ये जोडलेलं दिसेल, नको तेव्हा तिथूनच काढता येतं.

रंग: पॅराव्ह्यू रंगपट्टी भागाला बांधत नाही, आकड्यांच्या नावाला बांधतं. नाव एकच असेल तर चारही भाग आपोआप एकाच पट्टीवर येतात. तुमच्याकडे दोन नावं, म्हणून दोन पट्ट्या. ज्या दोन रनमध्ये 'वॉटर_डेप्थ' आहे त्यांना कॅल्क्युलेटर फिल्टर लावा, सूत्रात 'वॉटर_डेप्थ' आणि रिझल्टच्या नावात 'डेप्थ'. मग 'रीस्केल टू कस्टम रेंज'मध्ये शून्य ते तुमची कमाल खोली द्या आणि आपोआप रीस्केल 'नेव्हर' करा. नाहीतर अप्लाय दाबल्यावर पट्टी पुन्हा ताणली जाईल.

वेळ: सीनियरच्या फाइलीत वेळ सेकंदांत असणार, तुमच्यात तासांत. पॅराव्ह्यू सगळ्या फाइलींच्या वेळा एकाच यादीत लावतं. दहा दिवसांचा रन तुमच्या यादीत 240 वर संपतो, त्यांच्या यादीत 8,64,000 वर. त्यांचं पहिलं पाऊलच 3600 ला आहे, म्हणून तोपर्यंत ते थांबल्यासारखे दिसतात. तासांच्या दोन्ही फाइलींना 'टेम्पोरल शिफ्ट स्केल' लावा, स्केल 3600. सेकंदांना भागू नका. दशांशात बारीक फरक राहतो आणि जवळजवळ सारख्या दोन-दोन वेळा यादीत येतात.

शाहूपुरीकर:
एक राहिलं. पाइपलाइनमधला, म्हणजे फाइली आणि फिल्टरच्या यादीतला, डोळा फक्त निळी चौकट असलेल्या भागाला लागू होतो. फिल्टर लावला की ज्या भागात हवा तिथं आधी क्लिक करा, मगच डोळा उघडा.

पायथन_प:
एवढ्या क्लिक्स? पाच ओळींत झालं असतं.

मेश_मेकॅनिक:
थ्रीडी, त्रिकोणी मेश (मॉडेलची जाळी), चारही भाग हाताने फिरवायचे. पाच ओळींत करून इथं टाका, मी स्वतः वापरेन. आणि पुन्हा पुन्हा करायची काळजी असेल तर पॅराव्ह्यूत पायथन ट्रेस आहेच, एकदा केलेलं सगळं स्क्रिप्ट म्हणून मिळतं.

कळंबा_नकाशा:
त्रिकोणी मेश क्यूजीआयएसही उघडतं, मेश लेयर आहे. थ्रीडी व्ह्यूसुद्धा आहे.

जुना_हवामानवाला:
आमच्या वेळी ग्रॅड्स या हवामान नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये 'सेट व्हीपेज' देऊन एका पानावर चार नकाशे काढायचो. तसल्याच फेरेटमध्ये 'सेट विंडो 2' म्हटलं की दुसरी खिडकी. पट्टी आम्हीच ठरवायचो, त्यामुळे रंगांचा घोळ कधी झाला नाही. मात्र ही साधनं चौकोनी ग्रिडची, तुमच्या मेशला आधी ग्रिडवर आणावं लागेल. सोमवारच्या आत त्यात पडू नका.

भुदरगडी:
रंग ठरवताना 39 फुटाला पिवळा आणि 43 फुटाला लाल करा. इशारा आणि धोका, कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाबी कळतंय.

शाहूपुरीकर:
ते आकडे राजाराम बंधाऱ्यावरच्या पट्टीचे. नदीची पातळी आहे ती, रस्त्यावरच्या पाण्याची खोली नाही. मॉडेलमधली खोली जमिनीपासून मोजलेली. व्हीनस कॉर्नरला 43 फूट खोल पाणी दाखवलं तर लोक घाबरतील. आमच्या गल्लीत 2019 ला पाणी होतं, तिथं अर्धा मीटर आणि दीड मीटर यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. रंग तिथं बदलायला हवेत. एका खोलीत माणूस चालत बाहेर पडतो, दुसरीत होडी लागते.

भुदरगडी:
बरोबर हाय. पण शिरोलीजवळ हायवे बंद पडतो तोबी दाखवा. 2019 आणि 2021, दोन्ही वेळेला पडला होता.

जुना_हवामानवाला:
तुमच्या आवृत्तीत आपोआप येणारा निळा-पांढरा-लाल रंग खोलीसाठी वापरू नका. मधला पांढरा जिथं पडतो तिथं काहीतरी विशेष आहे असा भास होतो. जांभळ्यातून हिरव्या-पिवळ्यात जाणारी व्हिरिडिस पट्टी घ्या, किंवा फिक्या निळ्यातून गडद निळ्यात जाणारी पट्टी.

पूर_अभ्यास:
कॅमेरा जमला. रंग जमले, व्हीनस कॉर्नर आता चारही भागांत तुलना करण्यासारखा दिसतो. फक्त वेळेचं अडलंय. फिल्टर लावला तरी सुरुवातीला चारही भाग थांबून राहतात, मग एकत्र चालू होतात.

मेश_मेकॅनिक:
मूळ फाइलींचे तास अजून यादीत आहेत. पाइपलाइनमध्ये त्या दोन मूळ फाइलींवर, फिल्टरवर नाही, राइट क्लिक करून 'इग्नोर टाइम' करा.

शाहूपुरीकर:
मी तर पीव्हीडीच बदलली असती. साधी मजकुराची फाइल आहे, एडिटरमध्ये उघडायची आणि टाइमस्टेपचे आकडे 3600 ने गुणून टाकायचे. फिल्टरची भानगडच नको.

मेश_मेकॅनिक:
रनची मूळ फाइल हाताने बदलायची नाही. उद्या गाईडनी विचारलं की मॉडेलने काय दिलं, तर दाखवायला काय राहणार? प्रत काढून करा हवं तर.

पूर_अभ्यास:
इग्नोर टाइमने झालं. चारही एकत्र चालतात. आता चित्र सेव्ह केलं तर एकच भाग येतो.

शाहूपुरीकर:
'सेव्ह स्क्रीनशॉट'च्या खिडकीत 'सेव्ह ऑल व्ह्यूज'वर टिक करा. मधल्या रेषेची जाडी आणि रंगही तिथंच. रंगपट्टी एकाच भागात ठेवा, बाकी तिघांत बंद करा, नकाशाला जागा मिळेल. आणि स्टेट फाइल (केलेली मांडणी जपणारी) पेनड्राइव्हवर नेणार असाल तर डेटाही बरोबर न्या, तिच्यात फक्त फाइलींचे पत्ते असतात. दुसऱ्या मशीनवर उघडताना 'सर्च फाइल्स अंडर स्पेसिफाइड डिरेक्टरी' निवडून डेटाचा फोल्डर दाखवा.

पूर_अभ्यास:
चित्र आलं, चारही भाग आहेत. मेश_मेकॅनिक आणि शाहूपुरीकर, मनापासून आभार. शिरोलीचा रस्ता आज रात्री घालते.